सारंगात नसलेला गंधार

धोबीतलावच्या चौकात उभं राहिलं, की पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात मुंबईच्या संगीताचा एक अख्खा मुलूख पसरलेला असतो. जेर महाल ही जुनी इमारत आणि तिच्या जिन्यांवरचे गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे त्या-त्या गावच्या माणसांची सामाईक बिऱ्हाडं. 1865 पासून वाद्यं आणि स्वरलिपीची पुस्तकं विकणारं फुर्ताडोज. सोनापूरचं अवर लेडी ऑफ डोलर्स चर्च. प्रिन्सेस स्ट्रीट, जिथल्या आल्फ्रेड या हॉटेलात एके काळी वादक चहा पीत बसत आणि उद्याच्या रेकॉर्डिंगला कोण लागणार हे तिथेच ठरे. महापालिका मार्गावर सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी इमारती, आणि त्यांच्या शेजारी रंगभवन. या सगळ्या जागा मला वेगवेगळ्या कारणांनी माहीत होत्या. त्या एकाच गोष्टीच्या जागा आहेत, हे मात्र या लेखासाठी पुन्हा तिथून हिंडताना लक्षात आलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सरमिसळ’ हा विषय दिला. संगीतातल्या सरमिसळीबद्दल लिहायचं म्हटलं की हल्ली ‘फ्यूजन’ नावाखाली होणारे कार्यक्रम समोर येतात. मंचावर तबला आहे, गिटार आहे, मध्ये सवाल-जबाब रंगतो आणि शेवटी टाळ्या. मला त्याच्या मागे जायचं होतं. राग, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ या तिन्हींचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही. ते जुळवायचं प्रत्यक्ष काम कोणी केलं, कसं केलं, आणि त्या कामाचं पुढे काय झालं? या प्रश्नामागे चालत गेलं की एका नावापाशी थांबावं लागतं. ते नाव साऱ्या हिंदुस्थानाला पाठ आहे, पण त्या नावाचा माणूस फारसा कुणाला माहीत नाही.

1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्रचंड अंड्यातून बाहेर पडून अमिताभ बच्चन आपल्या पात्राचं नाव सांगतात. संगीत होतं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यांच्यातल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे गुरू होते अँथनी गोन्साल्विस. शिष्यानं गुरूचं नाव घराघरांत पोचवलं. गुरूनं लिहिलेलं संगीत मात्र त्या घरांत कधी पोचलं नाही.

माजोर्ड्याची शाळा

माजोर्डा हे दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं समुद्राकाठचं गाव. रेल्वेनं जाणाऱ्यांना ते मडगावच्या अलीकडचं स्टेशन म्हणून माहीत असेल. जेझुइटांनी गोव्यात पाव भाजायला पहिल्यांदा शिकवलं ते याच गावात, असं तिथे सांगतात. 1927 साली अँथनी यांचा जन्म इथला. वडील गावच्या देवमातेच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक. म्हणजे घरातच शाळा.

हे मेस्त आणि त्यांची पॅरिश शाळा समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चना जोडून अशा शाळा होत्या. मुलाच्या हातात वाद्य लगेच द्यायचं नाही, ही तिथली रीत. आधी सोल्फेज. समोरच्या पाच रेघांवर मांडलेला सूर बघायचा आणि हातानं मात्रा मोजत तो गळ्यानं म्हणायचा. डोळा, गळा आणि हात एकत्र चालायला लागले की मग व्हायोलिन. सात-आठ वर्षांचं पोर कधीही न ऐकलेलं संगीत नुसतं कागदाकडे बघून गाऊ शकायचं, त्याचं कारण ही शिस्त. आपल्याकडच्या तालमीत शिष्य गुरूच्या तोंडून घेतो आणि कागदाला दुय्यम स्थान असतं. इथे नेमकं उलटं.

शाळेबाहेरही हे संगीत जगत होतं. मे महिन्यात वाड्यावाड्यांवरच्या खुरसांपाशी, म्हणजे क्रुसांपाशी, लदीन होते. संध्याकाळची वेळ, मेणबत्त्या, एक-दोन व्हायोलिनं, आणि बायका-पुरुष लॅटिन प्रार्थना दोन-तीन सुरांच्या थरांत म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांनी संगीताची कसलीही पदवी घेतलेली नसते. वरचा सूर एकीनं धरला की दुसरी आपसूक त्याच्या खालचा तिसरा सूर धरते. मांडो या गोव्यातल्या गीतप्रकाराचंही तसंच. शब्द कोंकणी, चाल संथ, सहा मात्रांत डुलणारी, ती दोन आवाजांत एकमेकांना समांतर गायची. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं मढवत, आता बकऱ्याचं मढवतात. 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला. युरोपचा सुरांचा थर आणि कोकणाची मडक्याची थाप ही मांडोत कित्येक पिढ्या शेजारी बसलेली आहेत. ज्याला आपण मुंबईत घडलेला प्रयोग म्हणतो, त्याचं मूळ असं सासष्टीच्या अंगणात आहे.

पण त्या अंगणात एक गोष्ट नव्हती. राग नव्हता.

बोरीचा पूल

मडगावहून फोंड्याकडे निघालं की बोरीच्या पुलावर जुवारी नदी ओलांडावी लागते. आज ते काम काही मिनिटांचं आहे. गोव्याच्या संगीताच्या इतिहासात मात्र या पाण्याएवढी रुंद रेघ दुसरी नाही.

पोर्तुगीजांनी सासष्टी घेतली 1543 मध्ये. फोंडा त्यांच्या हाती आला तो थेट 1763 मध्ये. मधल्या दोनशेवीस वर्षांत नदीच्या अलीकडे देवळं पाडली गेली, आणि लोकांनी आपले देव रातोरात होडीत घालून पलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश मंगेशीला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवांबरोबर देवळाची सेवाही गेली: चौघडा, कीर्तन, गाणं. अलीकडे राहिलेल्यांना ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन स्तोत्रं आणि पाच रेघा मिळाल्या. शिवाय 1736 मधल्या इन्क्विझिशनच्या फर्मानानं लग्नकार्यांतलं जुनं गाणं-वाजवणंही त्यांना वर्ज्य केलं. एकाच भाषेची, एकाच मातीची माणसं, आणि त्यांचे कान दोन दिशांना वळवले गेले.

पलीकडच्या तीरानं आपल्याला काय दिलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरीच्या. अलीकडच्या तीरानं काय दिलं ते मात्र आपण कधी मोजलंच नाही, कारण त्या तीरावरची माणसं मुंबईत आली ती वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसायला.

माझं म्हणणं असं, की धोबीतलाव आणि ताडदेव-महालक्ष्मीचे स्टुडिओ इथे पूर्व-पश्चिमेची भेट झाली हे वर्णन अपुरं आहे. तिथे जुवारीचे दोन तीर साडेतीन-चारशे वर्षांनी पुन्हा एकत्र आले. दीनानाथांची मुलगी माइकसमोर गात होती आणि तिच्या मागे माजोर्डा, हळदोणे, कुडचड्याची मुलं वाजवत होती.

सिटिंग, रात्र, टेक

अँथनी गोन्साल्विस 1943 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले. हे काम नेमकं काय असतं, ते नीट सांगायला हवं.

संगीतकार सिटिंगमध्ये पेटी घेऊन चाल बांधतो. मुखडा ठरतो, अंतरे ठरतात, कुठे सतार हवी, कुठे सगळी व्हायोलिनं भरून यायला हवीत हे तो गाऊन, हातवारे करून सांगतो. त्याच्या मनात गाणं पूर्ण असतं, पण ते तोंडी. समोर बसलेल्या वादकांत दोन प्रकारची माणसं. सतारिये, बासरीवाले, सारंगिये सारेगम लिहून घेतात किंवा पाठच करतात. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले गोवेकर पाच रेघांचा कागद मागतात. मधला माणूस अरेंजर.

सारेगममधून पाच रेघांत उतरवणं हे लिपी बदलण्याइतकं सोपं नाही. आपला षड्ज फिरता आहे. गायिकेचा सूर काळी पाच असेल तर काळी पाचचा ‘सा’ झाला, सगळ्यांनी तसे तंबोरे लावले, संपलं. पाश्चात्त्य कागदावर प्रत्येक सुराची जागा कायमची ठरलेली. तिथे काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. त्यातही वाद्यागणिक तऱ्हा वेगळी. ट्रम्पेटवाला कागदावर ‘सी’ वाचतो तेव्हा वाद्यातून बी फ्लॅट निघतो, आल्टो सॅक्सोफोनवाल्याला तोच बी फ्लॅट हवा असेल तर त्याच्या कागदावर ‘जी’ लिहावा लागतो. म्हणजे गायिकेचा एकच षड्ज व्हायोलिनच्या कागदावर बी फ्लॅट, ट्रम्पेटच्या कागदावर सी आणि सॅक्सोफोनच्या कागदावर जी. शिवाय गायिकेनं आयत्या वेळी अर्धा सूर वर मागितला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

हे काम व्हायचं रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-तीस-चाळीस वादकांच्या स्टँडवर ज्याचा-त्याचा कागद असायचा. त्या काळात गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं ते सगळे एकत्र वाजवत-गात, एकाच ट्रॅकवर, मोजक्या माइकांसमोर. शेवटच्या ओळीत कुणाचं बोट चुकलं तर टेक पहिल्यापासून. कागदावरची चूक त्यामुळे फार महाग पडे.

आणि या कागदावर मींड लिहिता येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतल्या श्रुतींना स्पर्श करत कसं जायचं, गंधार किती आंदोलित ठेवायचा, याला पाच रेघांत खूण नाही. सुरांवर कमान काढून ‘हे जोडून घ्या’ एवढंच सांगता येतं. बाकीचं अरेंजरनं उभं राहून गाऊन दाखवायचं. म्हणून इथे नुसतं पाश्चात्त्य शिक्षण पुरत नव्हतं, राग कानात उतरलेला लागत होता. गोन्साल्विस यांनी तो उतरवून घेतला. बहुतेक सहकाऱ्यांसाठी हिंदी गाणं हे पोटापाण्याचं काम होतं. त्यांना मात्र त्या रागांत स्वतःचं काही लिहायचं होतं. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि ‘कॉन्चेर्तो इन राग सारंग’ ही त्यांच्या रचनांची नावं. कॉन्चेर्तो म्हणजे एखादं वाद्य पुढे ठेवून वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना.

पेटीवर करून पाहण्यासारखं

सारंगात कॉन्चेर्तो लिहायला बसणाऱ्यासमोर काय वाढून ठेवलेलं असतं, ते घरी पेटी असेल तर कुणालाही पाहता येईल. मी आमच्या ओळखीच्या एका पेटीवादकाकडून हे समजून घेतलं आणि मग स्वतः वाजवून पाहिलं.

पाश्चात्त्य संगीताचं घर म्हणजे सा-ग-प एकदम दाबले की होणारा कॉर्ड. सगळी रचना तिथून निघते आणि तिथे परतते. त्यातला ‘ग’ शुद्ध आहे की कोमल यावर त्या घराचा स्वभाव ठरतो, आनंदी की उदास. आता वृंदावनी सारंग घ्या. आरोहात सा रे म प नि सां, अवरोहात कोमल निषाद, आणि गंधार-धैवत वर्ज्य. म्हणजे ज्या सुरावर युरोपच्या घराचं छप्पर उभं आहे तोच सूर सारंगात नाही. लावला तर राग मोडतो. न लावला तर सा आणि प एवढेच उरतात. तो कॉर्ड पोकळ वाटतो, तंबोऱ्यासारखा.

बरं, दुसरे कॉर्ड बनतात का? बनतात. प-नि-रे शुद्ध निषादानं घेतला तर छान मेजर कॉर्ड होतो, आणि पाश्चात्त्य कानाला तो ‘आता षड्जावर चल’ असं सांगतो. पण चलायचं कुठे, षड्जाच्या घराला गंधारच नाही. मग कोमल निषादावरचा कॉर्ड पाहा: कोमल नि, रे, म. सगळे सूर सारंगातले, कॉर्ड पूर्ण आणि गोड. इथेच खरा धोका आहे. हा कॉर्ड चार-सहा मात्रा धरून ठेवा आणि त्यावर सारंगाचे सूर फिरवा. कान हळूहळू कोमल निषादालाच षड्ज मानायला लागतो, आणि तसं झालं की तेच सूर सा रे ग प ध होऊन बसतात. सारंग गेला, भूप आला! कोमल निषादाऐवजी मध्यमाला षड्ज मानलं तर दुर्गा दिसतो, ऋषभाला मानलं तर मालकंस. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि गायक ती क्षणभर चमत्कृती म्हणून दाखवून परत येतो. पाश्चात्त्य रचनेत कॉर्ड सतत बदलत असल्यामुळे हे दर दोन-चार मात्रांनी, नकळत होत राहतं. रागाच्या पायाखालची जमीन सरकत राहते.

हीच अडचण प्रत्येक अरेंजरला होती. सिनेमाच्या गाण्यात तिच्यावर उपाय निघाला तो असा: कॉर्ड शक्य तितके मागे ठेवायचे आणि गाण्याच्या चालीला उत्तर देणारी दुसरी चाल व्हायोलिनांना द्यायची. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा या कामातले उस्ताद. गायिका लांब सूर धरते तेव्हा मागून व्हायोलिनं तिच्या सुराभोवती वळसा घालतात, ती पुन्हा शब्दांवर आली की बाजूला होतात. रागाला थर चालत नाहीत, पण सोबत चालते. तीन मिनिटांच्या गाण्यात हे जमतं. तीन भागांचा कॉन्चेर्तो लिहायचा तर या सोबतीवर पंधरा-वीस मिनिटं तोलावी लागतात. हे धाडस आहे, आणि पन्नासच्या दशकात ते करणाऱ्याकडे समोर ठेवायला आयता नमुना नव्हता. रविशंकर यांचा पहिला सतार कॉन्चेर्तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं आंद्रे प्रेव्हिनच्या संचालनाखाली वाजवला तो 1971 मध्ये.

झेवियर्सचं अंगण

1958 मध्ये गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. शंभरावर वादक, आणि एकल गायनाला लता मंगेशकर आणि मन्ना डे. कार्यक्रमाची जागा झेवियर्स कॉलेजचं अंगण.

या अंगणाला चारी बाजूंनी दगडी कमानी आणि गॅलऱ्या आहेत, वर उघडं आकाश. संगीतप्रेमींना ते वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे: कॉलेजच्या ‘इंडियन म्युझिक ग्रुप’चा ‘जनफेस्ट’ इथेच व्हायचा, आणि जानेवारीच्या थंडीत गाद्यांवर बसून आपल्यातल्या अनेकांनी इथे मोठमोठे गवई ऐकलेत. पडद्यामागे नोकरीसारखं वाजवणारे शंभर जण त्या वर्षी याच जागी स्वतःच्या नावानं बसले. समोर त्यांच्याच माणसानं रागात लिहिलेलं संगीत होतं, आणि मंगेशीच्या घराण्यातला आवाज माजोर्ड्याच्या मेस्ताच्या मुलानं लिहिलेल्या वाद्यमेळाबरोबर गात होता. त्यासाठी लागलेली तालीम, शंभर जणांचे शंभर कागद, रेकॉर्डिंगच्या वेळा सांभाळून त्यांना एकत्र आणणं, याचा नुसता अंदाज केला तरी छाती दडपते.

हा उपक्रम टिकला नाही. सिंफनी वाद्यवृंद चालवायला दरमहा पगार लागतो, तालमीला जागा लागते, मागे सरकार किंवा धनिक लागतो. एका अरेंजरच्या कमाईवर ते होत नाही. साठच्या दशकाच्या मध्यावर गोन्साल्विस यांनी सिनेमा सोडला, ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी माजोर्डा गाठलं आणि तिथेच शांतपणे राहिले. जानेवारी 2012 मध्ये ते गेले. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे, तो जरूर पाहावा.

धोबीतलावचे जॅझवाले

गोन्साल्विस लिहिणारे होते. पण त्याच रस्त्यावर न लिहिता वाजवणारीही एक जमात होती.

तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन जॅझ वादक येऊन राहिले. सोल्फेजवर वाढलेल्या गोवेकर पोरांनी त्यांच्याकडून जॅझ उचलला. कागदावरच्या सुरापासून सुटून मनानं वाजवायचं स्वातंत्र्य त्यांना तिथे पहिल्यांदा मिळालं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, हे त्यांच्यातलं सर्वांत झगझगीत नाव. मग मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, नाइटक्लबांची कमाई आटली, आणि हे वादक मोठ्या संख्येनं सिनेमाकडे वळले. 1951 सालच्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात तेव्हा मागे चिक चॉकलेटचा बँड आहे. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, गांधर्व महाविद्यालयाच्या शिस्तीत विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. ख्यालाच्या तालमीतला मराठी माणूस आणि बॉलरूममधला गोवेकर ट्रम्पेटवाला यांनी मिळून केलेली ती गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात.

तरी ‘अलबेला’त राग आणि जॅझ वेगळ्या गाण्यांत राहतात. त्यांना एकाच श्वासात घेण्याचं काम सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी केलं. आडनाव तेच, पण घर वेगळं. ते तिसवाडीतल्या न्हेवऱ्याचे, चिक चॉकलेट यांचे जावई. त्यांचा काळही त्यांना अनुकूल होता. जुन्या जॅझमध्ये दर मापाला कॉर्ड बदलतो आणि वादक त्या बदलांवर स्वार होऊन उपज करतो. तिथे राग बसवणं म्हणजे सारंगाचा तोच पेच, दुप्पट वेगात. पण 1959 मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’नं वेगळी वाट दाखवली: कॉर्डांची धावपळ थांबवा, एकाच स्वरसमूहावर बराच वेळ राहा. जॉन कोल्ट्रेननं 1961 मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, तिथे तर खाली जवळजवळ तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर आहे. रागाच्या पायाखालची जमीन स्थिर झाली. आता सॅक्सोफोनवाल्याला आलापी करता येणार होती.

सॅक्सोफोनला बटणं आहेत, त्यामुळे मींड अवघड. पण ओठांचा दाब सैल-घट्ट करून सूर थोडा खाली-वर ओढता येतो, जॅझवाले हे करतच असतात. ब्राझ यांनी हे कसब रागाच्या कामी लावलं. 1970 मधली त्यांची ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका हा त्याचा ठसा. पुढे पियानोवादक लुई बँक्स आणि कर्नाटक पद्धतीच्या गायिका रमामणी यांच्याबरोबर त्यांनी जो वाद्यमेळ केला, तो मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत पक्व टप्पा वाटतो. रमामणींचे स्वर आणि ब्राझ यांचा सॅक्सोफोन एकच चाल जोडीनं म्हणतात, आणि मग दोघंही आपापल्या परंपरेच्या नियमांनी तिच्यापासून दूर जातात. परत येण्याची जागा दोघांना माहीत असते: एकाची सम, दुसऱ्याचं पहिलं माप. ख्याल गाणारा आणि जॅझ वाजवणारा यांची खरी ओळख इथे पटते. दोघांच्याही हातात ठरलेलं फार थोडं असतं, आणि समेवर यायचं असतं.

हे ऐकायला मुंबईत जागा होती, रंगभवन. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी 1978 मध्ये इथे ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक आला. 1980 मध्ये कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणारे मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ याच महोत्सवात अमेरिकी वादक जॉन हँडीबरोबर वाजवायला उभे राहिले, आणि तिथून त्यांचं नाव जगभर गेलं. आता रंगभवनात रात्रीच्या मैफली होत नाहीत. आसपास शाळा, कॉलेज, रुग्णालयं असल्यानं तो परिसर शांतता क्षेत्रात येतो. नियम योग्य आहे, रुग्णांना झोप हवीच. पण त्या बदल्यात शहरानं तेवढी, तितक्या स्वस्त तिकिटाची उघडी जागा दुसरीकडे द्यायला हवी होती. ती दिली नाही, आणि त्यामुळे जॅझ पुन्हा हॉटेलांत जाऊन बसला.

कागद

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. 2015 मध्ये त्यांनी झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ हा कॉन्चेर्तो लिहून घेतला, तो इथे आणि परदेशांतही वाजला. 1958 मध्ये जे एका माणसाला एकट्याच्या बळावर पेललं नाही ते आता एक संस्था पेलू शकते, याचा आनंद आहे. त्याच संस्थेच्या मंचावर ‘कॉन्चेर्तो इन राग सारंग’ ऐकायला मिळावा अशी माझी मागणी आहे. आपल्या शहरात, आपल्या रागात लिहिलेलं संगीत आधी आपण वाजवायला हवं.

त्यासाठी कागद हवेत, आणि इथे आपण कमी पडलो. सिनेमाच्या रेकॉर्डिंगनंतर वादकांचे कागद स्टुडिओतच पडून राहत, झाडलोटीत जात. निर्मात्याला चित्रपटाची रीळं जपायची होती, ध्वनिमुद्रिका कंपनीला मूळ मुद्रण. कागद कुणाच्याच मालकीचे नव्हते. श्रेयनामावलीत नाव संगीतकाराचं, क्वचित साहाय्यक म्हणून अरेंजरचं, वादकांचं मुळीच नाही. ज्याचं नाव नाही त्याचा कागद कोण जपणार? ख्यालाच्या बंदिशी आपण भातखंड्यांच्या कृपेनं छापील ठेवल्या, जुन्या नाट्यपदांच्या चाली ठेवल्या. हे काम मात्र वाजंत्र्यांचं समजून सोडून दिलं. ही उपेक्षा जेवढी चित्रपटसृष्टीची, तेवढीच आपल्या संगीतसमीक्षेची. आपण गायकावर लिहिलं, संगीतकारावर लिहिलं, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचलो नाही.

म्हणून वाचकांना विनंती. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, वसईत, गोव्यात ज्यांच्या घरात कुणी वाद्यवृंदात व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ॲकॉर्डियन वाजवलं असेल, त्यांनी माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघावी. पाच रेघांचे हातानं लिहिलेले कागद मिळाले तर ते रद्दीत देऊ नका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधूही नका, त्यानं दमट हवेत बुरशी धरते. आधी फोनवर त्यांचे स्वच्छ फोटो काढा. कडेला गाण्याचं नाव, संगीतकाराचं नाव, तारीख असं काही खरडलेलं असेल तर तेही फोटोत येऊ द्या. घरात कुणी वडीलधारं असेल तर कुणाबरोबर वाजवलं, कुठे वाजवलं, अरेंजर कोण होता हे आजच विचारून लिहून घ्या. मग कागद पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, एनसीपीएला किंवा गोव्यात असाल तर पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चला दाखवा. एकाच वाद्याचा सुटा कागद आहे, त्याचा काय उपयोग, असं म्हणू नका. प्रत्येक वादकाकडे फक्त स्वतःच्याच वाद्याचा कागद असायचा. पहिल्या व्हायोलिनचा कागद तुमच्याकडे असेल, तर चेलोचा दुसऱ्या कुणाच्या तरी माळ्यावर असण्याची शक्यता आहे, आणि ते दोन एका टेबलावर आल्याशिवाय हे संगीत पुन्हा वाजणार नाही.